लॅबच्या काकांना ‘तसला’ मग द्यावा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

जिल्ह्याच्या गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या टेक्निशियन ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे सगळ्यात ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळी लॅब काकाच म्हणते, छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर एप्रिलअखेर निवृत्त होत आहेत. १५ एप्रिलचा जागतिक लॅब दिन आणि काकांचा निरोप समारंभ एकत्रच उरकायचं ठरलंय. तरुण मंडळींनी ऑनलाइन एक मग शोधला आहे. हुबेहूब लघवीच्या डबीसारखा, पुढे रुग्णाच्या नावाचं लेबल, मागे जैवधोक्याचं चिन्ह. जोडीला शौचाच्या नमुन्यावर विनोद छापलेला टी-शर्ट. ग्रुपवर फोटो पडला तेव्हा सगळ्यांची हसून पुरेवाट झाली, पण एक सिनियर मॅडम भडकल्या. “छत्तीस वर्षं लोक त्यांना शी-शू तपासणारा म्हणाले. आता जाताना आपणही तेच म्हणायचं?” त्यांच्या मते शाल, श्रीफळ आणि घड्याळ द्यावं. मुलं म्हणतात, काका स्वतःच इतके मिश्कील, त्यांना शाल म्हणजे शिक्षा. समारंभाला काकांच्या मुलीच्या सासरची मंडळीही यायची आहेत. “वर्गणी माझ्याकडे जमली आहे आणि मग कार्टमध्ये पडून आहे,” असं ताई लिहितात. “हसवावं की मान राखावा?”

ताई,

आधी तुमच्या मॅडमबद्दल. त्यांना विनोद कळत नाही असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, पण पत्राचा सूर तोच आहे. माझ्या मते त्यांना तो तुमच्यापेक्षा जास्त कळलाय. तुम्ही सगळे मगाकडे बघून हसलात. त्यांनी पाहिलं की व्यासपीठावर तो हातात धरून कोण उभं राहणार आणि खुर्च्यांत बसून कोण हसणार.

लघवीची डबी हा विनोद मुळात लॅबमधल्या माणसांचा नाही, खिडकीबाहेरच्यांचा आहे. सकाळी सात वाजता डबी वर्तमानपत्रात गुंडाळायची, वरून कॅरीबॅग, आणि देताना नजर भलतीकडे. आपण सगळेच रुग्ण हे करतो. त्या अवघडलेपणातून हा विनोद निघतो आणि पुढे लग्नकार्यात काकांच्या वाट्याला येतो. “काय करता तुम्ही? हॉस्पिटलात? डॉक्टर का?” “नाही, लॅबला आहे.” “अच्छा, म्हणजे ते शी-शू!” समोरचा हसतो, काकाही हसतात, कारण त्या जागी दुसरं करण्यासारखं काही नसतं. काका तेव्हा हसले म्हणून त्यांना ते आवडतं असा निष्कर्ष तुमच्या मुलांनी काढलेला दिसतो. तो मला घाईचा वाटतो.

लॅबच्या आतले विनोद निराळे असतात, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत. “उपाशीपोटी आलात ना?” “एकदम उपाशी. फक्त चहा-खारी घेतली.” चोवीस तासांची लघवी आणायला सांगितली तर एक वेळची आणून “बाकीची घरी आहे” म्हणणारे आजोबा. लाल पेनाने ‘अतिअर्जंट’ लिहिलेलं आणि नर्सिंग स्टेशनवर दोन तास पडून राहिलेलं सॅम्पल. निळ्या झाकणाची ट्यूब अर्धीच भरून पाठवायची आणि पीटीचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा) रिपोर्ट विचित्र आला की फोन लॅबला. जांभळ्या ट्यूबमधलं (जिच्यात रक्त गोठू नये म्हणून रसायन असतं) रक्त कुणीतरी लाल ट्यूबमध्ये ओततं, पोटॅशियम आभाळाला भिडतं, कॅल्शियम तळाला जातं, डॉक्टर फोनवर ओरडत असतात, आणि काका शांतपणे विचारतात, “सिस्टर, ट्यूब बदलली का हो?” या सगळ्या विनोदांत शहाणे काका असतात आणि गोंधळलेलं बाकीचं जग. तुमच्या मगावरच्या विनोदात नेमकं उलट आहे.

म्हणून हसवणं आणि मान राखणं यांतलं एक निवडायचं आहे, हेच मला पटत नाही. निवडायचंय ते कुणाचा विनोद द्यायचा हे.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या वयाच्या टेक्निशियननी बहुधा फक्त ऐकली असेल. काका लागले त्या काळात छोट्या गावांत हिमोग्लोबिन साहलीच्या पद्धतीने व्हायचं. बोटाला टोचून काढलेलं रक्त, काचेची बारीक पिपेट, तिला जोडलेली रबरी नळी आणि नळीचं टोक तोंडात. २० च्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं, जिभेच्या टोकाने ते तिथेच थोपवायचं, पिपेटचं टोक कापसाने पुसायचं आणि रक्त आम्लात सोडायचं. लक्ष जरा हललं की रक्त नळीत वर चढायचं. सीरम आणि रिएजंट तोंडानेच ओढले जायचे, काही ठिकाणी लघवीसुद्धा. त्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या तोंडात कधी ना कधी जायला नको ते गेलेलं आहे, आणि त्यानंतरचे काविळीच्या धास्तीचे दिवसही त्यांनी काढले आहेत. लघवीच्या डबीतून चहा पिण्याची कल्पना तुम्हाला अशक्य वाटते, म्हणून तुम्हाला तिचं हसू येतं. काकांच्या बाबतीत ती तितकी अशक्य नव्हती. ते हसतीलही, कदाचित सगळ्यांत मोठ्याने. पण एवढ्या ‘कदाचित’वर निरोपाची भेट टांगू नये.

आता मगाच्या मागचं ते चिन्ह. त्याची एक हकीकत ग्रुपवर जरूर टाका. १९६६ साली अमेरिकेतल्या डाऊ केमिकल कंपनीत चार्ल्स बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केलं. त्यांना अशी आकृती हवी होती जी चटकन लक्षात राहील, पण जिला आधीपासून कसलाच अर्थ चिकटलेला नसेल. म्हणजे लोकांना तिचा एकच अर्थ शिकवता येईल: लांब राहा. पुढे एका परिषदेच्या आयोजकांनी पाहुण्यांना भेट म्हणून काय द्यावं? याच चिन्हाची रंगीत नक्षी असलेले टाय. बाल्डविन वैतागले आणि हे चिन्ह अंगावर मिरवण्यासाठी बनवलेलं नाही, असं खरमरीत पत्र त्यांनी आयोजकांना धाडलं. तेव्हा तुमच्या ग्रुपवरचं भांडण काही नवं नाही.

टायचं मी एक वेळ चालवून घेईन. खाण्यापिण्याच्या भांड्यावर मात्र ते चिन्ह नको, आणि यात माझा सोवळेपणा नाही. लॅबमधली निम्मी सुरक्षितता सवयीवर उभी असते. असल्या डबीला लागलेला हात तोंडाकडे जायचा नाही, नमुन्यांच्या फ्रिजमध्ये डबा ठेवायचा नाही, बेंचवर चहा आणायचा नाही, हे विचार करून कुणी करत नाही, अंगवळणी पडलेलं असतं म्हणून होतं. ती सवय गमतीगमतीत का होईना सैल करणारी वस्तू मी लॅबमध्ये येऊ देणार नाही. काही ठिकाणी लॅब दिनाला कोऱ्या, सीलबंद डब्यांत सरबत देण्याची टूम निघते. डब्या स्वच्छ असतात, कबूल. तरीही नको. नवीन लागलेली मुलगी ते दृश्य पहिल्याच महिन्यात बघते आणि तिच्या डोक्यात काय बसतं याचा भरवसा नाही.

एवढं वाचून तुमच्या मॅडम खूश झाल्या असतील तर थोडं त्यांच्याशीही बोलते. शाल-श्रीफळात आपोआप मान असतो हे कुणी ठरवलं? विश्वस्तांपैकी कुणीतरी चिठ्ठीवरून नाव वाचणार, तेही बहुधा चुकीचं, शाल खांद्यावर टाकून कॅमेऱ्याकडे बघणार आणि पुढच्या कार्यक्रमाला निघणार. काकांच्या घरच्या कपाटात अशा शाली असतीलच, आणि त्यातल्या दोनचार काकूंनी एव्हाना कुणाला तरी देऊनही टाकल्या असतील. शाल द्या, रीत आहे ती. पण शाल दिली म्हणजे जबाबदारी संपली असं धरून चालणं हेही मगाइतकंच आळशीपणाचं आहे.

आणि ती सासरची मंडळी. त्यांच्यासमोर ‘तसलं काही’ नको, असं मॅडम म्हणतात आणि तुम्हालाही ते पटलेलं दिसतं. इथे जरा थांबा. काका काय तपासायचे हे मुलीच्या सासरच्यांना कळू नये, असं कुणाला वाटतंय? काकांना, की तुम्हाला सगळ्यांना? काकांनी तसं काही म्हटल्याचं पत्रात नाही. उलट माझा आग्रह असा की लघवी हा शब्द त्या समारंभात यायलाच हवा. फक्त तो मगावर नको, भाषणात हवा.

कसा ते सांगते. डिपस्टिक (लघवीत बुडवायची तपासणीची पट्टी) येण्याआधी काका लघवीतली प्रथिनं कशी बघायचे? परीक्षानळी पाऊणएक भरायची, चिमट्यात तिरकी धरायची आणि फक्त वरचा भाग दिव्यावर तापवायचा. खालचा भाग तसाच स्वच्छ राहतो, त्यामुळे वर ढग आला तर लगेच दिसतो. मग अ‍ॅसेटिक आम्लाचे दोनचार थेंब. ढग विरला तर फॉस्फेट, राहिला तर प्रथिनं. आता समजा बाई सात महिन्यांची गरोदर आहे, पाय सुजलेत, घरचे म्हणतात या दिवसांत सुजतातच, आणि त्या नळीतला ढग काही विरत नाही, म्हणजे आईबाळाला धोका असू शकतो. रिपोर्ट मिळेल तेव्हा मिळेल असं न म्हणता काका स्वतः उठून वॉर्डात सांगायला जातात. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर जुन्या सिस्टरना विचारा, नक्की सापडेल. रुग्णाचं नाव, गाव न सांगता, दोन मिनिटांत, माईकवर सांगा. सासरची मंडळी त्यानंतर शी-शू म्हणून हसतात का बघा. आणि हे भाषण मॅडमना करू द्या. ज्या तावातावाने त्यांनी ग्रुपवर लिहिलं, त्या तावात त्या उत्तम बोलतील.

आता भेटीचं. माझी सूचना अशी की सभागृह आणि लॅब वेगळे ठेवा. सभागृहात शाल, भाषण, घड्याळ, जे काय असेल ते. हसणं-खिदळणं लॅबच्या चहाच्या खोलीत, तिथे फक्त घरची माणसं, म्हणजे तुम्ही, वॉर्डबॉय, मावशी, रक्तपेढीतले दोघेतिघे, आणि हवं तर काकू.

चहाच्या खोलीत काय द्यायचं? माझी पहिली पसंती डिफरन्शियल काउंटरला, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजायच्या यंत्राला. तुमच्या लॅबमध्ये सेल काउंटर मशीन आल्यावर जुना हाती काउंटर कपाटात गेला असेल, पण काकांची बोटं त्यावर आयुष्यभर नाचली आहेत. डोळा मायक्रोस्कोपला, बोट पट्ट्यांवर, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, टक टक टक, आणि शंभर पेशी झाल्या की घंटी. लॅब साहित्याच्या दुकानात असा काउंटर आजही नवा मिळतो. तो घ्या आणि पट्ट्यांवरची अक्षरं झाकून नवी लेबलं चिकटवा. ‘रिपोर्ट झाला का?’ ‘अर्जंट आहे हो.’ ‘सॅम्पल क्लॉट.’ ‘नाव नाही, फक्त बेड नंबर.’ पाचवं लेबल काकांच्या तोंडच्या वाक्याचं. ते तुम्हीच ठरवा, कारण मला ते माहीत नाही आणि तुमच्या लॅबमध्ये ते माहीत नसलेला माणूस नसेल. मशीनबरोबर नियम सांगा: घरी कुणी कटकट केली की त्या पट्टीवर बोट, शंभर झाले की घंटी आणि काकूंनी चहा टाकायचा. (काकूंची परवानगी आधी घ्या. नाहीतर चहा काकांनी टाकायचा असा नियम करा, तो मला जास्त आवडेल.)

लॅबमधला जुना काउंटर उचलून देऊ नका, कितीही भावनिक वाटलं तरी. तो डेड स्टॉक रजिस्टरवर असणार, आणि निवृत्तीनंतर काकांना हिशेब तपासनिसाचा फोन यावा असं तुम्हाला वाटत नाही ना?

दुसरं, मानपत्र. छापील मानपत्रातली ‘आपल्या कार्यकुशलतेने’ वगैरे भाषा कुणीच वाचत नाही. त्याऐवजी रिपोर्टच काढा. डावीकडे तपासणी, पुढे निकाल, पुढे संदर्भ मर्यादा. ‘संयम (वॉर्डाचा फोन आल्यावर): ४८०, संदर्भ मर्यादा ४० ते ६०, हाय.’ ‘रजा: मोजता येण्याजोग्या पातळीच्या खाली.’ ‘चहा, सकाळचा: पुष्कळ. फील्डभर.’ ‘राग: एकदाच दिसला, क्यूसी (मशीनची दर्जा तपासणी) फेल झाल्याच्या दिवशी, पुन्हा तपासणीत निगेटिव्ह.’ खाली शेरा: ‘नमुना दुर्मीळ. पुन्हा मिळणे नाही. कृपया क्लिनिकली कोरिलेट करावे.’ हे मी बाहेर बसून लिहितेय. तुम्ही एका दुपारी चौघीजणी बसलात तर याच्या दसपट चांगलं लिहाल.

फक्त तीन पथ्यं पाळा. रुग्णालयाचं खरं लेटरहेड वापरू नका. एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) चिन्ह आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमची सही, अगदी स्कॅन केलेलीसुद्धा, त्यावर नको. आणि खऱ्या रुग्णाचं नाव किंवा आकडा कुठेही नको, कितीही गमतीशीर असला तरी. हा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर जाणारच, आणि तिथे कुणीतरी खालचा शेरा कापून वरचाच भाग पुढे पाठवणार. फ्रेम साधी घ्या. काच लावलीत तर काका ती दिवाणखान्यात लावतील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रत्येक ओळ समजावून सांगतील, याची तयारी ठेवा.

आणि खाऊ. समारंभ एप्रिलात आहे, तेव्हा आमरस. काकांच्या पिढीने लघवीतली साखर बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाने बघितली आहे. पाच मिली द्रावण, आठ थेंब लघवी, उकळायचं आणि रंग वाचायचा. हिरवा एक प्लस, पिवळा दोन, नारिंगी तीन, विटकरी चार. आमरसाच्या पातेल्यावर कागद चिकटवा: ‘बेनेडिक्ट: दोन प्लस की तीन? काकांनी ठरवावं.’ हापूस असेल तर वाद होईल, आणि झालाच पाहिजे. तुम्ही म्हणाल, हाही लघवीचाच विनोद झाला की. झालाच. पण हा कळायला बेनेडिक्ट माहीत हवं, आणि ते खोलीत सगळ्यांत जास्त काकांना माहीत आहे. वाट्या घरच्या, पातेलं घरचं, आणि लॅबच्या फ्रिजमध्ये काही ठेवायचं नाही, हे पुन्हा लिहीत नाही.

हे सगळं गुपचूप करायची गरज आहे का, तेही बघा. हल्ली सरप्राइजचं फार माजलंय. काकूंना एक फोन करा आणि विचारा, काका घरी येऊन लॅबमधलं काय सांगतात. काय सांगून हसतात, आणि कशाबद्दल कधीच बोलत नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. एखाद्या विषयावर काका गप्प असतील तर त्यावर लेबल छापू नका.

असाच प्रश्न इतर वाचकांकडूनही अधूनमधून येतो. मुलगी मायक्रोबायोलॉजीला आहे, भाचा रक्तपेढीत लागलाय, मैत्रीण फ्लेबोटोमिस्ट (रुग्णांचं रक्त काढणारी) आहे, गमतीचं काय द्यावं? अमेरिकेत एप्रिलमध्ये आख्खा लॅब सप्ताह पाळतात, १९७५ पासून, त्यामुळे ऑनलाइन मिळणारा बहुतेक माल तिथल्या चवीचा आणि इंग्रजी कोट्यांचा असतो. घरी आजीला समजावून सांगावी लागेल अशी कोटी विकत घेऊ नका. जायंट मायक्रोब्स नावाची तिथलीच एक कंपनी जंतूंची आणि पेशींची मऊ खेळणी करते, ती मात्र छान असतात. घरात लहान मूल असेल तर ‘आई दिवसभर कुणाला बघते’ हे त्याला एकदम कळतं. खेळणं घरीच ठेवायचं, बेंचवर नाही. फर काही हायपोक्लोराइटने (लॅबमधल्या जंतुनाशकाने) पुसता येत नाही.

रक्तपेढीतल्यांसाठी आपल्याकडे घरचाच विषय आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ नावाचा तो दुर्मीळ रक्तगट शोधला, ज्याच्या माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही. साध्या तपासणीत तो ओ सारखाच दिसतो आणि उलट्या तपासणीत (त्या माणसाचं सीरम माहीत असलेल्या गटांच्या पेशींत मिसळून) ओ पेशींबरोबर गुठळ्या झाल्या की पकडला जातो. ‘शहराचं मुंबई झालं, मी बॉम्बेच राहिलो’ असा टी-शर्ट रक्तपेढीतला माणूस अभिमानाने घालेल.

मायक्रोबायोलॉजीवाल्या मुलीला चायना ग्रासचं पुडिंग करून घाला, वर फळांचे ठिपके, जंतू वाढवायच्या कल्चर प्लेटसारखे. चायना ग्रास म्हणजेच अगार. जर्मनीत रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेसे काम करायचे. जिलेटिनवर जंतू वाढवताना ते उन्हाळ्यात वितळून जायचं. १८८१ मध्ये त्यांच्या पत्नी फॅनी यांनी सुचवलं की मी जेलीत घालते ते अगार वापरून बघा. लॅबने ते स्वयंपाकघरातून उचललं आणि आजतागायत परत केलेलं नाही.

आणि मैत्रिणीसाठी बांगड्या. ही कल्पना माझी नाही, माझ्या मावसबहिणीची, जी वर्षानुवर्षं रक्त काढण्याच्या खोलीत बसली. निळी, लाल, पिवळी, हिरवी, जांभळी, राखाडी, याच क्रमाने. बघणाऱ्याला वाटेल हौसेने रंगीबेरंगी भरल्यात. लॅबमधली बाई मात्र हळदीकुंकवात दुरूनच ओळखते की हा ट्यूब भरायचा क्रम आहे, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसतात. कामावर अर्थातच हात मोकळे ठेवायचे.

राहता राहिला कार्टमधला मग. ऑर्डर दिली नसेल तर काढून टाका. दिली असेल तर ज्याने तो शोधला त्यालाच त्याच्या वाढदिवसाला द्या, त्याला मनापासून आवडलाय आणि त्यात काही वाईट नाही. घरी खुशाल चहा प्यावा. टी-शर्ट मात्र कुणाच्याच गळ्यात घालू नका, तो नुसता वाईट आहे.

शेवटी वर्गणी, ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण पैसे तुमच्याकडे आहेत म्हणून लिहिते. कंत्राटावरच्या मुलींना आणि मावशींना कायम लोकांइतकाच आकडा लावला असेल तर तो आजच बदला. नावापुढे रक्कम लिहिलेली यादी बेंचवर फिरवू नका. बंद पाकीट फिरवा, ज्याला जमेल ते त्याने टाकावं, आणि कार्डावर सह्या सगळ्यांच्या सारख्याच अक्षरांत घ्या.